केटी लागलेला विषय आणि तुटणारे इन्सर्ट

पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत):

मी वीस वर्षांची आहे, मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला. कॉम्प्युटरला जायचं होतं, पण सीईटीला मार्क कमी पडले आणि कॅप राउंडमध्ये ही ब्रँच मिळाली. मॅन्युफॅक्चरिंग टेक्नॉलॉजी कशीबशी सुटली, इंजिनिअरिंग मटेरियल्सला मात्र केटी लागली, म्हणजे विषय राहिला, पेपर पुन्हा द्यायचा. आयर्न-कार्बन डायग्राम पाठ करते आणि पेपरात सगळे आकडे एकमेकांत मिसळतात. आत्याचा मुलगा हिंजवडीत आयटीत आहे. तो म्हणतो, हे विषय शंभर वर्षांपूर्वीचे आहेत, यात वेळ घालवू नकोस, पायथन शीक. पप्पांचं कोल्हापूरजवळ छोटं मशीन शॉप आहे. फाउंड्रीत साच्यात ओतून आलेल्या कास्टिंगचं मशीनिंग करून ते पुढे देतात. तिथे रोज तेच : आज कास्टिंग कडक आलं, आज इन्सर्ट (टूलच्या टोकाला बसवायचे कार्बाइडचे छोटे कापणारे तुकडे) तुटले, मग फाउंड्रीवाल्यांशी फोनवर वाद. पप्पा म्हणतात, "तू शिकून ऑफिसात बस, शॉप हे पोरींचं काम न्हवं." मला हा विषय कळत नाही आणि आवडतही नाही. डिग्री नुसती काढून टाकू आणि आयटीकडे वळू? की आत्ताच सगळं सोडून दुसरं काही धरू?

उत्तर :

तुझ्या प्रश्नांकडे येते, पण आधी तुझ्याच पत्रातल्या एका वाक्याकडे. घरची कटकट म्हणून तू सहज लिहून गेलीस : "आज कास्टिंग कडक आलं, आज इन्सर्ट तुटले." तुला ज्या विषयात केटी लागली आहे, त्यावर तुमच्या घरात रोज रात्री जेवताना बोलणं चालतं. तू ते ऐकत मोठी झालीस. फक्त ते आणि पुस्तकातला धडा क्रमांक तीन एकच आहे, हे तुला कुणी दाखवलं नाही.

कसं ते बघ. तुमच्याकडे येणारी बहुतेक कास्टिंग ग्रे आयर्नची असणार. ड्रॉइंगवर एफजी 200 किंवा एफजी 260 असं काही लिहिलेलं असेल. तो आकडा ताणशक्तीचा : 260 म्हणजे निदान 260 मेगापास्कल. या लोखंडात कार्बन साधारण सव्वातीन ते साडेतीन टक्के आणि सिलिकॉन दोन टक्क्यांच्या आसपास असतो. साच्यात ओतलेला रस गोठताना त्या कार्बनपुढे दोन वाटा असतात. एक, ग्रॅफाइट होऊन पाकळ्यांसारखं वेगळं बसायचं. दुसरी, लोखंडाशीच संयोग करून सिमेंटाइट व्हायचं. पहिली वाट धरली तर कास्टिंग मऊ राहतं, चिप तुटून पडते, टूल खूश. दुसरी धरली तर मोडल्यावर आतून पांढरं दिसणारं, काचेसारखं कडक लोखंड तयार होतं. चांगल्या ग्रे आयर्नचा हार्डनेस 200 ब्रिनेलच्या आसपास असतो, पांढऱ्या लोखंडाचा 400 च्या वर. एकाच कास्टिंगमध्ये जाड भाग मऊ आणि पातळ रिब किंवा कोपरा पांढरा, असंही होतं, कारण पातळ भाग लवकर गार होतो आणि ग्रॅफाइट तयार व्हायला वेळच मिळत नाही. शॉपमध्ये याला कुणी हार्ड स्पॉट म्हणतं, कुणी चिल आला म्हणतं. इन्सर्ट मऊ भागातून जाता जाता त्या कोपऱ्याला लागतो आणि त्याची टीप उडते.

कार्बन कोणती वाट धरणार हे दोन गोष्टींवर ठरतं : रसाची घडण आणि गार होण्याचा वेग. घडण मोजायला तुझ्या पुस्तकात कार्बन इक्विव्हॅलंट नावाचं सूत्र आहे : कार्बनमध्ये सिलिकॉन आणि फॉस्फरसच्या बेरजेचा एक तृतीयांश मिळवायचा. कार्बन 3.3, सिलिकॉन 2.0, फॉस्फरस 0.1 असेल तर उत्तर 4.0 येतं. हा आकडा खाली गेला की पांढरं होण्याची भीती वाढते. म्हणून फाउंड्रीत ओतण्याच्या जरा आधी थोडं फेरोसिलिकॉन टाकतात, त्याला इनॉक्युलेशन म्हणतात. ते टाकून फार वेळ रस तसाच राहिला तर त्याचा असर उतरतो. पाचरीच्या आकाराचा छोटा तुकडा ओतून, तो मोडून, टोकाकडे पांढरा पट्टा किती लांब आला हे बघायची पद्धतही आहे. हे सगळं तू दोन मार्कांच्या व्याख्या म्हणून लिहिलं असशील.

आता तू गृहीत धरलेल्या गोष्टी एकेक करून बघू. पहिली, हा पाठांतराचा विषय आहे. तुला तो तसा वाटतो यात तुझा दोष नाही. फळ्यावर आकृती काढून, दहा नावं सांगून, "परीक्षेला हमखास येते" म्हणून पुढे गेलं की दुसरं काय होणार? पण ती आकृती पाठ करायला घेऊच नकोस. कोऱ्या कागदावर दोन अक्ष काढ, आडवा कार्बनचा, उभा तापमानाचा, आणि पाचच आकडे लक्षात ठेव : 0.8, 2.1 आणि 4.3 टक्के कार्बन, 727 आणि 1147 अंश सेल्सिअस. 2.1 च्या डावीकडे पोलाद, उजवीकडे बीड, म्हणजे कास्ट आयर्न. 4.3 टक्क्यांचं बीड सगळ्यात कमी तापमानाला, 1147 ला वितळतं. शुद्ध लोखंडाला त्यासाठी 1538 लागतात. एवढ्या फरकानंच ओतकामासाठी माणसानं बीड का निवडलं ते कळतं. बाकीच्या रेषा या पाच आकड्यांना धरून आपोआप काढता येतात.

मग तुमच्या शॉपमधला ईएन 8 या पोलादाचा शाफ्ट घे. त्यात कार्बन सुमारे 0.4 टक्के. लिव्हर रूल, म्हणजे आकृतीवरून कोणता घटक किती हे काढायचा नियम, लावून बघ. सावकाश गार केलेल्या या पोलादात साधारण निम्मं फेराइट (मऊ, जवळपास शुद्ध लोखंड) आणि निम्मं पर्लाइट (फेराइट आणि सिमेंटाइटचे एकाआड एक थर) निघेल. आता कॉलेजच्या लॅबमध्ये त्याच बारचा तुकडा घासून, पॉलिश करून, नायटल (अल्कोहोलमधलं सौम्य नायट्रिक ॲसिड) लावून मायक्रोस्कोपखाली बघ. निम्मा पांढरा, निम्मा काळा. कागदावर काढलेलं उत्तर भिंगाखाली तसंच दिसलं की आकडे एकमेकांत मिसळत नाहीत. मी हा विषय बरीच वर्षं शिकवला आणि तो मुलांना पटण्याची जागा बहुतेक वेळा हीच होती. वर्ग नव्हे, लॅबमधला तो खराब प्रकाशाचा कोपरा.

एक ठिकाणी मात्र जवळपास सगळेच अडखळतात, तूही अडखळली असशील. पोलाद लाल करून पाण्यात बुडवलं की मार्टेन्साइट हे त्याचं फार कडक रूप तयार होतं असं वाचतो आणि मग ते आकृतीत शोधत बसतो. ते तिथे नाहीच. आयर्न-कार्बनची आकृती फार सावकाश गार होण्याची आहे, तिच्यात वेळ हा अक्षच नाही. वेळ टीटीटी (टाइम-टेंपरेचर-ट्रान्सफॉर्मेशन) आकृतीत आहे. पहिली आकृती एसटीच्या नकाशासारखी आहे, गाव कुठे आहे ते सांगते. गाडी किती वाजता पोचेल त्यासाठी वेळापत्रक, म्हणजे दुसरी आकृती बघायची. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाच. कास्टिंग पांढरं पडण्याची गोष्टही वेळेचीच आहे, हे तेव्हा लक्षात येईल.

लॅब लगेच मिळत नसेल तर दोन गोष्टी आजच करता येतील. शिवणाच्या दोन सुया घे. पक्कडीत धरून दोन्ही गॅसवर लाल कर. एक पटकन पाण्यात टाक, दुसरी गरम राखेत पुरून ठेव. गार झाल्यावर जाड फडक्यात धरून वाकवून बघ, डोळ्यांवर चष्मा हवा. पहिली कट्कन मोडेल, दुसरी वाकेल. रासायनिक घडण तीच, फक्त गार होण्याचा वेग वेगळा. विळ्याला पाणी देणारा लोहार हेच करतो आणि पुढे हलकं तापवून त्याचा ठिसूळपणाही काढतो, ते टेंपरिंग. दुसरी गोष्ट शॉपमधल्या ग्राइंडरची. मऊ पोलादाच्या ठिणग्या लांब आणि साध्या असतात, जास्त कार्बनच्या पोलादाच्या ठिणग्यांना फुलबाजीसारखे फाटे फुटतात, बिडाच्या आखूड आणि लालसर. तुमच्याकडचा जुना टर्नर नुसत्या ठिणगीवरून बारमध्ये मिसळ झाली आहे का ते सांगत असेल. त्यांना विचार, आनंदानं दाखवतील.

तुझं दुसरं गृहीतक दादाकडून आलं आहे : विषय शंभर वर्षं जुना. वयाबद्दल त्याचं बरोबर आहे. टूल किती टिकेल हे सांगणारं टेलरचं समीकरण 1906 मध्ये अमेरिकेत मांडलं गेलं, त्यामागे 26 वर्षांचे प्रयोग होते. कटिंग स्पीड गुणिले टूल लाइफचा एन घात बरोबर स्थिरांक. कार्बाइडला एन साधारण 0.25 धरतात. त्या आकड्यानं हिशोब करून बघ : स्पीड 20 टक्के वाढवला तर इन्सर्टचं आयुष्य निम्म्यावर येतं. दुप्पट केला तर सोळाव्या हिश्श्यावर. 50 मिलिमीटरचा जॉब 800 आरपीएमला फिरत असेल तर कटिंग स्पीड मिनिटाला सुमारे 126 मीटर. ऑर्डरची घाई म्हणून कुणी तो 960 आरपीएमला नेला, तर त्या दिवशी इन्सर्टचा खर्च दुप्पट होणार हे तुला वहीवर आधीच दिसेल. जुन्या समीकरणाला पप्पांच्या खिशातला आजचा पैसा कळतो. ते इतकं जुनं आहे आणि टूल कंपन्या अजून त्याच्याच आधारानं बोलतात, हे मला तर त्याच्या बाजूचंच वाटतं.

इन्सर्टच्या डबीवर सीएनएमजी 120408 असं लिहिलेलं तू पाहिलं असशील. सी म्हणजे 80 अंशांचा चौकट आकार, एन म्हणजे क्लिअरन्सचा कोन शून्य, 12 ही कडेची लांबी, 08 म्हणजे 0.8 मिलिमीटरची नोज रेडियस, टोकाची गोलाई. मॅन्युफॅक्चरिंगचा जो विषय तू "कसाबसा सोडवलास" त्यातलं टूल जिओमेट्रीचं प्रकरण या एका डबीवर छापलेलं असतं. दोन वेगळे विषय, दोन वेगळे पेपर, दोन वेगळे सर. पण वस्तूला हे वाटप माहीत नसतं. तिच्यासाठी प्रश्न एकच : काय काम करायचं आहे, त्यासाठी कशाची बनवू आणि कशी बनवू? तो एक प्रश्न मधोमध तोडला, म्हणून तुला एक अर्धा पाठांतराचा आणि दुसरा अर्धा जर्नलमधल्या आकृत्यांचा वाटतो.

हे दोन अर्धे वेगळे ठेवण्याची किंमत फार मोठी पडू शकते. 16 जानेवारी 1943 ला अमेरिकेतल्या पोर्टलंड बंदरात शेनेक्टडी नावाचं नवं कोरं तेलवाहू जहाज धक्क्याला बांधलेलं असताना, पाणी शांत असताना, मोठा आवाज होऊन मधोमध फाटलं. त्या काळात घाईनं बांधलेल्या लिबर्टी नावाच्या मालवाहू जहाजांनाही अशाच भेगा पडत होत्या. आधी रिव्हेट मारून जोडलेल्या जहाजात भेग प्लेटच्या कडेला येऊन थांबायची. वेल्डिंगनं सगळं जहाज एकसंध झालं आणि भेगेला पुढे जायला रस्ता मिळाला. सगळ्यांनी वेल्डिंगला दोष दिला. केंब्रिजमधल्या कॉन्स्टन्स टिपर या धातुशास्त्रज्ञ बाईंनी दाखवलं की पोलादच थंडीत ठिसूळ होत होतं. पद्धत बदलली, मटेरियल तेच ठेवलं, आणि जुन्या मटेरियलचा लपलेला दोष नव्या पद्धतीनं उघडा पाडला. तुझ्या लॅबमधली चार्पी टेस्ट (एका घावात तुकडा मोडून तो किती ठिसूळ ते बघायची) कशासाठी आहे, हे यापेक्षा चांगलं मला सांगता येणार नाही. (टेल्कोच्या फक्त पुरुषांसाठीच्या नोकरीच्या जाहिरातीवर सुधा कुलकर्णींनी, म्हणजे आताच्या सुधा मूर्तींनी, पाठवलेल्या पोस्टकार्डाची गोष्ट तुला इंडक्शनच्या दिवशीच कुणीतरी सांगितली असेल, म्हणून ती पुन्हा सांगत नाही.)

दादाचं एक म्हणणं मात्र मी खोडणार नाही. सुरुवातीचा पगार. मेकॅनिकलच्या पहिल्या नोकरीत, विशेषतः छोट्या आणि मध्यम कारखान्यात, पैसे आयटीपेक्षा बऱ्याचदा कमी असतात, शिफ्ट असतात, आणि पहिली काही वर्षं उभं राहून काम असतं. घरची गरज तातडीची असेल तर हा मुद्दा हलका नाही, आणि त्यासाठी आयटीत जाणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण तू आयटीकडे कोडिंग आवडतं म्हणून जाते आहेस, की मटेरियल्समध्ये नापास झालीस म्हणून? पत्रात कोडिंगबद्दल तुझं स्वतःचं एकही वाक्य नाही. सगळं दादाचं आहे. तेव्हा महागड्या कोर्सची फी भरण्याआधी एनपीटीईएलवरचा (आयआयटींचे ऑनलाइन वर्ग) एखादा फुकटचा प्रोग्रामिंगचा कोर्स घे आणि त्यातले स्वाध्याय स्वतः सोडव. अडकल्यावर चीड येऊनही पुन्हा बसावंसं वाटलं, तर ते खरं आवडतं. उत्तर शोधून चिकटवलं आणि सुटले म्हणालीस, तर तिथेही पुढे केटीसारखंच काहीतरी वाट बघत असेल.

तुझ्यापुढचे पर्याय मला असे दिसतात. आत्ता कॉलेज सोडणं मला अजिबात पटत नाही. एका केटीवरून दीड-दोन वर्षं आणि फी पाण्यात घालण्याइतकं काही बिघडलेलं नाही. डिग्री "नुसती काढणं" हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात महाग पर्याय आहे. पुढची दोन वर्षं रोज सात तास नावडत्या वर्गात बसायचं आणि बाहेर पडताना दोन्हीकडचं अर्धवट यायचं. तिसरा पर्याय असा की या उन्हाळ्याच्या सुट्टीपुरतं विषयाला मनापासून एक संधी द्यायची, तीही पुस्तकातून नव्हे तर पप्पांच्या शॉपमधून, आणि सुट्टी संपल्यावर ठरवायचं. तेव्हाही आयटीच हवं वाटलं तर खुशाल जा. बऱ्याच कॉलेजांत आता कॉम्प्युटरमधलं मायनर घेता येतं, त्याची चौकशी कर. आणि वाटा दोनच आहेत असंही नाही. कास्टिंग कुठे शेवटी गोठेल आणि कुठे पोकळी राहील हे साचा बनवण्याआधी संगणकावर बघणारी सॉफ्टवेअर आहेत, मुंबईच्या आयआयटीत या विषयावर मोठं काम झालं आहे. कॅम प्रोग्रामिंग, म्हणजे संगणकावरून मशीन चालवायचे प्रोग्राम बनवणं, आहे, टूल कंपन्यांचे ॲप्लिकेशन इंजिनिअर असतात, गाड्यांच्या कंपन्यांत पुरवठादारांकडची क्वालिटी बघणारी माणसं असतात. पुढच्या शिक्षणासाठीच्या गेट परीक्षेला मेकॅनिकलशिवाय प्रॉडक्शन आणि मेटलर्जीचेही वेगळे पेपर असतात. टूल अँड डाय शिकायचं असेल तर छत्रपती संभाजीनगरचं इंडो जर्मन टूल रूम आहे. या सगळ्या ठिकाणी संगणक लागतो, आणि ईएन 8 ला पाणी दिल्यावर काय होतं हेही लागतं. दोन्ही येणारी माणसं कमी असतात.

आता पप्पा. "शॉप हे पोरींचं काम न्हवं" या वाक्यामागे मला हुकूम कमी आणि काळजी जास्त ऐकू येते. स्वतः आयुष्यभर कुलंटच्या वासात, ऑर्डर आणि उधारीच्या ताणात काढलेल्या माणसाला आपली मुलगी एसीत बसावी असं वाटतं. त्यात काही वाकडं नाही. त्यांच्याशी "मुली सगळं करू शकतात" असा वाद घालू नकोस. तो वाद तू जिंकशील आणि घरात अबोला येईल. परवानगीही मागू नकोस. काम माग. म्हण, "पप्पा, इन्सर्ट तुटायचं रजिस्टर मला ठेवायचंय, कॉलेजच्या प्रोजेक्टला पाहिजे."

रजिस्टरमध्ये काय लिहायचं ते सांगते. तारीख, कास्टिंगचा पार्ट, फाउंड्रीचा हीट नंबर (एका वेळी वितळवलेल्या रसाचा क्रमांक, कास्टिंगवर किंवा चलनावर असतो), कोणतं ऑपरेशन, स्पीड, फीड, खोली, इन्सर्टचा ग्रेड, किती जॉब झाल्यावर तुटला, आणि जॉबच्या नेमक्या कुठल्या जागी. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. पुन्हा पुन्हा पातळ रिबला किंवा कोपऱ्यालाच टीप उडत असेल तर चिलचा संशय घे. पहिल्याच कटला, वरच्या कातडीवर कड खाल्ली जात असेल तर वाळू चिकटून आलेली असू शकते. टीप न उडता कड सारखी झिजत असेल तर स्पीड जास्त आहे. कुठेही, कधीही, वाटेल तशी तुटत असेल तर आधी आपलंच घर तपास : जॉब नीट पकडला आहे का, टूल होल्डर फार बाहेर काढलाय का, इन्सर्टखालची सीट खराब आहे का. दोष फाउंड्रीचाच, असं गृहीत धरून वही उघडू नकोस. पप्पांना ते आवडेल, पण वही खोटी होईल.

महिन्याभराच्या नोंदी झाल्या की त्या स्प्रेडशीटमध्ये भर, आणि इथे दादाला बोलव. पायथनमध्ये हीट नंबरप्रमाणे तुटलेले इन्सर्ट मांडायचा छोटा प्रोग्राम त्याच्याकडून शिकून घे. एखाददुसऱ्या हीटमध्येच सगळी तूट जमा झालेली दिसली, तर त्या हीटचं टेस्ट सर्टिफिकेट फाउंड्रीकडून मागवायला सांग आणि कार्बन इक्विव्हॅलंट काढ. संशयित जागेचा तुकडा कापून कॉलेजच्या लॅबमध्ये ने. कडक पातळ भागाला ब्रिनेलचा 10 मिलिमीटरचा गोळा चालणार नाही, तिथे हिऱ्याच्या टोकानं मोजणारं रॉकवेल सी घे. (चांगल्या ग्रे आयर्नला उलट ब्रिनेलच का, हा ओरलचा लाडका प्रश्न आहे : गोळा मोठा असल्यानं ग्रॅफाइट आणि लोखंड दोन्हींची मिळून सरासरी मिळते.) मग पॉलिश करून बघ. मऊ भागात ग्रॅफाइटच्या काळ्या पाकळ्या नायटल न लावताही दिसतील, पांढऱ्या भागात त्या नसतील. हे दोन फोटो आणि तो तक्ता पप्पांच्या फोनवर असला की फाउंड्रीशी होणारं बोलणं बदलतं. तिथला माणूसही सुटकेचा श्वास टाकेल, कारण नुसत्या "कडक आलं" वरून त्यालाही काही दुरुस्त करता येत नाही.

ज्यांच्या घरी शॉप नाही अशा मुलामुलींनी अशी पत्रं मला बरीच लिहिली आहेत, त्यांच्यासाठी : गावातल्या गॅरेजमध्ये मोडलेला ॲक्सल, घासलेला गिअर, फुटलेला पिस्टन पडलेला असतो. भंगारवाल्याकडे तर विद्यापीठच भरलेलं असतं. एक वस्तू उचला आणि तिच्यामागे लागा : हिच्यावर भार कसला येतो, कशाची आहे, ओतली, घडवली की कापून काढली, पाणी कुठे दिलंय, आणि मोडली ती जागा गुळगुळीत, शिंपल्यासारख्या रेषांची आहे की खरखरीत? रेषा असतील तर ती थकून, हळूहळू मोडली आहे. एका सेमिस्टरला अशा चार वस्तू नीट समजल्या तर अभ्यासक्रमाचा मोठा भाग आपोआप हाताखालून जातो.

केटीच्या पेपराबद्दल फार लिहीत नाही. मागच्या काही वर्षांचे पेपर जमव, आकृती रोज एकदा न बघता काढ, लिव्हर रूलची गणितं सोडू नकोस कारण तिथे मार्क पूर्ण मिळतात, आणि प्रत्येक हीट ट्रीटमेंटच्या उत्तरात "का" हे एक वाक्य लिही. ॲनीलिंग आणि नॉर्मलायझिंग यातला फरक तक्त्यात पाठ करण्यापेक्षा एक भट्टीत गार होतं, दुसरं हवेत, एवढं धरून बाकीचं स्वतः काढ. मटेरियल्स शिकवणाऱ्या सरांकडे जाताना रिकाम्या हातानं "सर, समजत नाही" म्हणत जाऊ नकोस. तो पांढरा पडलेला तुकडा घेऊन जा.

आणि शॉपमध्ये जायच्या पहिल्या दिवसासाठी. ओढणी घरी ठेव, केस घट्ट बांधून टोपीत घाल, बाही सैल नको, अंगठी आणि बांगड्या काढ, पायात चपलेऐवजी बूट. डोळ्यांवर चष्मा. फिरत्या लेथवर हातमोजे घालायचे नाहीत, मोजा अडकला की हात ओढला जातो. चिप कितीही गार वाटली तरी ती हुकानं काढायची, हातानं नाही. मशीन चालू असताना मोजमाप घ्यायचं नाही. पप्पांच्या मनातली भीती यातलीच असणार, तेव्हा ती यादी त्यांनी सांगायच्या आधी तूच त्यांना म्हणून दाखव.